लाल रेघ म्हणजे चूक नव्हे

कोलकात्याला माझी एक आत्या राहते. लग्न होऊन ती हाजरा रोडच्या परिसरात राहायला गेली, त्याला आता साठ वर्षं होत आली. तिथल्या एका मुलींच्या शाळेत तिने तीस वर्षं भूगोल शिकवला. आजही बाजारात कोणी पन्नाशीची बाई वाकून नमस्कार करते आणि 'दिदिमणी, कशा आहात?' म्हणून विचारते. आमच्या घराण्यात आत्याची ओळख मात्र एकच : पत्रं लिहिणारी आत्या. दर पंधरा दिवसांनी तिचं आंतर्देशीय यायचं. कडेच्या मोकळ्या जागेतसुद्धा बारीक अक्षरात दोन ओळी कोंबलेल्या असायच्या. पूजेची गर्दी, ट्रामचा संप, शेजारणीने शिकवलेला पोस्तो, हिवाळ्यात आलेला खजुराचा गूळ, सगळं त्या पत्रात असे.

पुढे तिचा हात थरथरू लागला. मुलाने लॅपटॉप आणून दिला, मराठीत टाइप करायला शिकवलं आणि आत्याची पत्रं ईमेलने येऊ लागली. तीन-चार वर्षं हा क्रम छान चालला. पण गेल्या पावसाळ्यापासून काहीतरी बिनसलं. पानभर पत्र अर्ध्या पानावर आलं, मग चार ओळींवर, आणि शेवटी नुसतं इंग्रजीत 'ऑल वेल, टेक केअर.' फोन केला तर म्हणायची, 'कंटाळा येतो रे लिहायचा.' आत्याला लिहायचा कंटाळा? घरात सगळ्यांच्या मनात एकच शंका आली. वय झालं, आता विसरायला लागली असेल.

हिवाळ्यात कामानिमित्त कोलकात्याला गेलो, तेव्हा चार दिवस तिच्याकडेच उतरलो. आत्या ठणठणीत होती. बाजारहिशेब तोंडपाठ, शब्दकोडं पेनाने सोडवणारी. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी सरळ विचारलं, 'आत्या, खरं सांग, पत्रं का बंद केलीस?'

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'काय सांगू तुला, माझं मराठी गेलं रे.'

तिने लॅपटॉप उघडला. अर्धवट लिहिलेलं एक पत्र पडद्यावर आलं. 'दोन दिवस नळाला पाणी नाही' असं पहिलंच वाक्य होतं. 'पाणी'खाली लाल नागमोडी रेघ होती. 'नळाला'खाली होती. पुढच्या वाक्यातल्या 'आहे'खालीही होती. 'पाणी'वर तिने उजवं बटण दाबलं, तर यंत्राने दुरुस्ती सुचवली : 'पानी'.

'बघ,' ती म्हणाली, 'इथे दिवसभर कानावर बंगाली, बाजारात हिंदी. बंगालीत ण लिहितात, पण बोलताना तो न सारखाच बोलतात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही उच्चारात राहिलेला नाही. साठ वर्षं हेच ऐकतेय. मला वाटलं, आपलंच काहीतरी सरमिसळ झालंय. पाणी की पानी, माझाच मला भरवसा वाटेना. आयुष्यभर मुलींच्या वह्यांवर मी लाल पेन्सिल फिरवली. आता माझ्या वहीवर कोणी फिरवतंय. तुम्हा मुलांना असं चुकीचं लिहून कसं पाठवू?'

मी पडद्याकडे नीट पाहिलं आणि मला हसावं की रडावं कळेना. शुद्धलेखन तपासण्यासाठी भाषा निवडलेली होती हिंदी!

दोष कोणाचाच नव्हता

हे कसं झालं, तेही हळूहळू उलगडलं. लॅपटॉप आला तेव्हा त्यातल्या ईमेलच्या प्रोग्रॅमची तपासणीची भाषा अमेरिकन इंग्रजी होती. आत्याचं मराठी पत्र त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत लाल व्हायचं. पण त्याचं तिला काही वाटत नसे. 'त्याला बिचाऱ्याला मराठी येत नाही' असं म्हणून ती पुढे लिहीत राही. इंग्रजी पत्रात 'कलर' हा शब्द यू घालून लिहिला की त्याखालीही रेघ येई. त्यावर मात्र ती चिडे, कारण तिने शाळेत शिकलेलं इंग्रजी ब्रिटिश पद्धतीचं.

पावसाळ्यात वरच्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा काही कामाने खाली आला. पानभर लाल रेघा पाहून त्याला दया आली. 'दिदिमणी, तुमची लिपी तर हिंदीचीच आहे,' असं म्हणून त्याने प्रेमाने हिंदीचा शब्दकोश उतरवून घेतला आणि तोच कायमचा लावून दिला. पानावरच्या बऱ्याचशा रेघा नाहीशा झाल्या. 'घर', 'नगर', 'फल', 'समाचार' हे शब्द हिंदीतही आहेतच. आत्याने त्याला दोन संदेश खाऊ घातले.

खरी गडबड इथेच झाली. सगळं पान लाल होतं, तेव्हा यंत्र अडाणी आहे हे उघड दिसत होतं. आता निम्मे शब्द बरोबर आणि निम्मे चूक असं दिसू लागलं, आणि हे चित्र अगदी तपासलेल्या वहीसारखं होतं. अशा वहीवर शिक्षकाचा विश्वास बसतोच. आत्याचाही बसला. त्या मुलाने चांगल्या मनाने केलं, यंत्राने सांगितलेलं काम केलं, आणि सहा महिने एका लिहित्या बाईची लेखणी बंद पडली.

यंत्राला भाषा येत नाही, यादी येते

ही लाल नागमोडी रेघ आपल्या ओळखीची झाली ती १९९५ साली. मायक्रोसॉफ्टच्या वर्ड या प्रोग्रॅमच्या त्या वर्षीच्या आवृत्तीत लिहितालिहिताच शब्दाखाली रेघ उमटू लागली. त्याआधी सगळं लिहून झाल्यावर तपासणी मुद्दाम चालवावी लागे. रेघ आयती दिसू लागल्यावर आपण ती गुरुजींच्या लाल शाईसारखी वाचायला शिकलो. पण गुरुजी वाक्य वाचतात, अर्थ पाहतात. साध्या शब्दतपासणीत यापैकी काही नसतं.

तिचं काम आहे यादी पाहण्याचं. लग्नाच्या मांडवाच्या दारात पाहुण्यांची यादी घेऊन कोणी उभा असावा, तसं. नाव यादीत असेल तर आत या, नसेल तर बाजूला थांबा. थांबवलेला माणूस खोटा असतो असं नाही. सख्खा मामासुद्धा असू शकतो. आणि दारावरच्या माणसाच्या हातात शेजारच्या मांडवाची यादी दिली, तर सगळं वऱ्हाडच बाहेर उभं राहील. आत्याच्या पत्राचं नेमकं हेच झालं.

यंत्राने आपणहून का ओळखू नये, असा प्रश्न कोणालाही पडेल. काही नवे प्रोग्रॅम तसा प्रयत्न करतात, पण अडचण खरी आहे. संगणकाला अक्षर ओळखता येतं. जगभरच्या लिप्यांसाठी युनिकोड नावाची जी सामाईक पद्धत आहे, तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक आहे. पण हा क्रमांक लिपीचा आहे, भाषेचा नाही. मराठीतला 'प' आणि हिंदीतला 'प' यांचा क्रमांक एकच. नेपाळी, संस्कृत आणि देवनागरीत लिहिलेली कोंकणी यांचाही तोच. तिकडे बंगालीचीही तीच गोष्ट. तिची आणि असमियाची लिपी दोन-चार अक्षरं सोडली तर एकच आहे. म्हणून कोणती यादी हातात धरायची, हे माणसानेच सांगावं लागतं. न सांगितलं तर यंत्र आधीपासून ठरवून दिलेली, म्हणजे 'डिफॉल्ट' यादी घेतं.

आणखी एक घोटाळा पुष्कळांचा होतो. संगणकात भाषेच्या निवडी तीन ठिकाणी असतात आणि तिन्ही वेगवेगळ्या. पहिली पडद्यावरच्या मेनूंची भाषा. दुसरी कळफलकाची, म्हणजे कळ दाबल्यावर कोणतं अक्षर उमटावं याची. तिसरी शब्दतपासणीची. कळफलक मराठी केला म्हणजे तपासणीही मराठीत होईल, असं अनेक प्रोग्रॅमांत घडत नाही. आत्याचा कळफलक मराठीच होता. मेनू इंग्रजीत होते आणि तपासणी हिंदीत!

दुरुस्ती पाच मिनिटांची

दुरुस्तीला बसलो तेव्हा आधी मी घाई केली. पत्राच्या खिडकीतच उजवं बटण दाबून भाषा मराठी केली, रेघा पटापट नाहीशा झाल्या आणि मी विजयी मुद्रेने उठलो. दुसऱ्या दिवशी आत्याने नवं पत्र उघडलं, तर पुन्हा 'पानी'! तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला चौथीतला भूगोलाचा पेपर आठवला.

कारण साधं होतं. पत्राच्या खिडकीत केलेली निवड बहुधा त्या पत्रापुरतीच असते. नवं पत्र सुरू झालं की प्रोग्रॅम पुन्हा सेटिंग्जमध्ये लिहिलेली कायमची भाषा उचलतो. बदल तिथे करायला हवा. वाचकांपैकी ज्यांना 'मी बदलतो पण ते पुन्हा पहिल्यासारखं होतं' असा अनुभव येतो, त्यांचं बहुतेक हेच होत असतं.

निरनिराळ्या प्रोग्रॅमांत ही जागा कुठे असते ते थोडक्यात सांगतो.

थंडरबर्ड वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये 'कंपोझिशन' या विभागात जा. तिथे 'स्पेलिंग' या शीर्षकाखाली तुमच्याकडे असलेल्या शब्दकोशांची यादी दिसते. हवी ती भाषा यादीत नसेल, तर तिथूनच आणखी शब्दकोश उतरवून घेण्याची सोय आहे. आधी शब्दकोश आणावा लागतो, मगच त्यावर खूण करता येते. नव्या आवृत्त्यांत एकाहून अधिक भाषांवर खूण करता येते, आणि आपल्यासारख्या मिश्र लिहिणाऱ्यांना हे वरदानच आहे.

संगणकावरचं जुन्या बांधणीचं आउटलुक असेल तर 'फाइल', मग 'ऑप्शन्स', मग 'लँग्वेज' अशा वाटेने जा. लेखनासाठीच्या भाषांत मराठी जोडा आणि तिला पहिली पसंती द्या. एखाद्याच पत्रापुरती भाषा बदलायची असेल, तर पत्राच्या खिडकीतल्या 'रिव्ह्यू' या भागात 'लँग्वेज'खाली ती सोय मिळते.

जीमेलसारखी टपाल तुम्ही ब्राउझरमध्ये उघडून वाचत असाल, तर लाल रेघा पुष्कळदा ब्राउझर मारत असतो. तेव्हा ब्राउझरच्या सेटिंग्जमधला भाषांचा विभाग पाहायला हवा. मोबाइलवर हे काम बहुतेक वेळा कळफलक करतो. त्याच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडा, आणि शब्द आपोआप बदलण्याची खोड त्रास देत असेल तर ती बंद करा. नुसती रेघ मारणं निराळं आणि न विचारता शब्द बदलून टाकणं निराळं. रेघेकडे दुर्लक्ष करता येतं. बदललेला शब्द पाठवल्यानंतरच लक्षात येतो.

आम्ही आत्याच्या प्रोग्रॅमात हिंदीवरची खूण काढली. मराठी आणि ब्रिटिश इंग्रजी अशा दोन खुणा केल्या. सगळं बंद करून पुन्हा उघडलं. नवं पत्र घेऊन तिने लिहिलं : 'दोन दिवस नळाला पाणी नाही.' रेघ आली नाही. तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं. 'म्हणजे पाणी पाणीच होतं तर,' एवढंच ती म्हणाली.

मराठीची यादी करणं सोपं नाही

इंग्रजीत 'हाउस' या शब्दाची रूपं मोजकीच. मराठीत 'घर' घ्या. घरी, घरात, घराला, घराचा, घरातला, घरातल्यांना, घरापर्यंत, घरासमोरच्यांनीसुद्धा... एका शब्दाचा गोतावळा संपतच नाही. सगळी रूपं यादीत लिहायची म्हटलं तर यादी कधी पुरी व्हायची नाही.

हीच अडचण हंगेरीच्या लोकांना होती. त्यांची मॉज्यर भाषाही शब्दाला प्रत्ययांमागून प्रत्यय जोडणारी. लास्लो नेमेथ या हंगेरियन माणसाने त्यासाठी 'हनस्पेल' नावाची तपासणी तयार केली. थंडरबर्ड, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस या सगळ्यांत तीच आहे. तिची रीत अशी की दोन फायली ठेवायच्या. एकीत मूळ शब्द, दुसरीत त्यांना प्रत्यय लागताना काय होतं याचे नियम. घर या शब्दापुढे अमुक गटाचे नियम, तलाव या शब्दापुढे तमुक गटाचे. व्याकरणाच्या पुस्तकात सामान्यरूपाचे तक्ते असतात, तसंच काहीसं. दूरच्या एका भाषेची नड भागवताना झालेली सोय आपल्या मराठीच्या उपयोगी पडली.

अशा मराठी याद्यांसाठी हौशी माणसांनी आपला वेळ खर्चून पुष्कळ काम केलेलं आहे. साहजिकच त्यांत सगळे शब्द नाहीत. गावांची नावं, आडनावं, वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी शब्द, स्वयंपाकघरातले शब्द यांना अजूनही रेघ येते. शब्द आपल्या खात्रीचा असेल तर उजवं बटण दाबून तो आपल्या यादीत घालावा. पुढे तो अडवला जात नाही. मात्र घाईत चुकीचा शब्द घातलात, तर ती चूकही कायमची 'बरोबर' होऊन बसेल, एवढं सांभाळा.

आणि उलटही लक्षात ठेवा. रेघ नाही म्हणजे शुद्ध, असंही नाही. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा. एकाच्या जागी दुसरा लिहिलात तरी यादी पाहणारा काही बोलणार नाही, कारण त्याच्या यादीत दोन्ही पाहुणे आहेत.

राहिलेल्या चार रेघा

मराठी लावल्यावरही आत्याच्या पत्रात चार ठिकाणी रेघा उरल्याच. शब्द होते 'कांहीं', 'नांव', 'कांच' आणि 'पांच'.

आत्याचं शिक्षण झालं १९५० च्या दशकात. त्या वेळी हे अनुस्वार द्यायचे असत, आणि न दिल्यास मार्क जात. पुढे मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नियम केले आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते मान्य केले. उच्चारात न येणारे अनुस्वार त्या नियमांनी गेले. १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली आणि एकूण अठरा झाले. महाराष्ट्रातल्या शाळांतली मुलं नवं लेखन शिकली. आत्या तोवर कोलकात्याला जाऊन भूगोल शिकवत होती. तिच्या हाताला जुनं वळण तसंच राहिलं.

संध्याकाळी शेजारचे निवृत्त प्राध्यापक चहाला आले, तेव्हा हा विषय निघाला. ते हसले. बंगालीतही हेच घडलं आहे, म्हणाले. कलकत्ता विद्यापीठाने १९३५ मध्ये राजशेखर बसूंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९३६ मध्ये बंगाली लेखनाचे नियम छापले. त्याआधी 'पूर्व' या शब्दात रफारानंतरचं अक्षर दोनदा लिहीत. पुढे ते एकदाच लिहायचं ठरलं. 'माझे आजोबा मात्र शेवटपर्यंत दोनदा लिहीत राहिले,' ते म्हणाले. 'त्यांना अशुद्ध कोण म्हणणार?'

या शहराचं नावच पाहा ना. १ जानेवारी २००१ पासून इंग्रजीतही ते 'कोलकाता' झालं. पण विद्यापीठ आणि उच्च न्यायालय आजही आपल्या इंग्रजी नावांत 'कॅलकटा' लिहितात. दोन्ही रूपं रोजच्या कागदपत्रांत सुखाने नांदतात.

तेव्हा शुद्ध म्हणजे काय? त्या काळच्या जाणत्यांनी एकत्र बसून ठरवलेली रीत. ती पाळावी, मुलांना शिकवावी, कारण सगळ्यांनी सारखं लिहिलं की वाचणं सोपं होतं. पण ऐंशीच्या घरातल्या बाईने आपल्या भाच्याला लिहिलेल्या पत्रात 'कांहीं'वर दोन टिंबं दिली, तर त्यात मराठी बुडत नाही.

हुगळीकाठची यादी

निघायच्या आदल्या दिवशी मी आत्याला म्हटलं, 'तुला माहीत आहे का, मराठीची पहिली छापील यादी तुझ्याच शेजारी झाली?' तिला वाटलं, मी थट्टा करतोय.

हावडा स्टेशनवरून लोकल पकडली तर श्रीरामपूर तासाभराच्या आत येतं. आपलं अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे, हे हुगळीच्या पश्चिम काठावरचं. दोनशे वर्षांपूर्वी ते डेन्मार्कच्या ताब्यात होतं. विल्यम कॅरी हा मिशनरी १८०० मध्ये तिथे राहायला आला आणि सोबत्यांच्या मदतीने त्याने छापखाना काढला. पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने बंगाली आणि देवनागरी अक्षरांचे ठसे कोरले. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवत असे. १८०५ मध्ये त्याचं मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापून झालं आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी शब्दकोश. कोशातले मराठी शब्द मोडीत छापले होते, कारण रोजच्या लिहिण्याची मराठीची लिपी तेव्हा मोडीच होती. कॅरीच्या हाताशी कॉलेजातले वैजनाथ पंडित होते. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, बंगाल्यांच्या गावात, एका इंग्रजाने आणि एका मराठी पंडिताने बसून शब्द गोळा केले.

तो कोश काही पुरा नव्हता. पुढे मुंबईत मोल्सवर्थने कँडी बंधूंच्या आणि शास्त्रीमंडळींच्या मदतीने मोठा कोश केला. १८३१ च्या पहिल्या आवृत्तीत सुमारे चाळीस हजार शब्द होते, १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार. म्हणजे पहिल्या यादीतून वीस हजार शब्द सुटले होते! ते शब्द त्या आधीही माणसं बोलतच होती. यादीत नव्हते म्हणून ते चुकीचे थोडेच ठरले?

आत्या हे सगळं लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, 'म्हणजे यादी नेहमी माणसाच्या मागूनच येते.' भूगोल शिकवला तरी बाई भाषेचीच होती.

मी परतल्यावर आठ दिवसांनी तिचं ईमेल आलं. पडद्यावर दोनदा खाली सरकवावं लागेल एवढं लांब. नळाला पाणी आलं होतं, प्लंबरने किती पैसे घेतले ते होतं, वरच्या मजल्यावरच्या मुलाची परीक्षा होती, गूळ संपत आला होता. माझ्या पडद्यावर त्यात तीन ठिकाणी 'कांहीं' लाल दिसत होतं. तिच्याही दिसलं असणार. पत्राच्या शेवटी तिने लिहिलं होतं : 'अनुस्वार तसेच ठेवलेत. आमच्या बाईंनी दिले होते, मी कसे काढू?'

वाचकहो, तुमच्याही घरी किंवा नात्यात असं कोणी असेल. आजोबा, मावशी, परगावी राहणारी एखादी काकू. पूर्वी भरभरून लिहीत आणि आता दोन ओळींवर आली आहेत. वयाला बोल लावण्याआधी पुढच्या भेटीत त्यांच्या संगणकाजवळ किंवा मोबाइलजवळ बसा, आणि तपासणीची भाषा कोणती लावली आहे एवढं पाहा. सेटिंग्जमध्ये जाऊन ती कायमची बदला, बंद करून पुन्हा उघडून खात्री करा, आणि नेहमी लागणारे घरचे पाच-दहा शब्द यादीत घालून द्या. काम पाच मिनिटांचं आहे. मात्र उठण्याआधी त्यांना एक वाक्य अवश्य सांगा : लाल रेघ आली की आधी यादी कोणाची आहे ते पाहायचं, मग चूक कोणाची ते.